डब्यातले वाळे

छुम्...

एकदाच. मग पुन्हा सगळं गप्प.

वैशाखातली भर दुपार होती. मी चुलीजवळ बसून डाळ निवडत होते. आवाज लहान मुलाच्या वाळ्याचा होता आणि तो मागच्या खोलीतून आला होता.

माझा गोपू माझ्या मांडीवर निजला होता.

आणि त्याचे वाळे मी आदल्या दिवशीच काढून वरच्या फळीवर, डब्यात ठेवले होते.

मी तुळजापूरची लेक आहे. भवानीच्या पायऱ्यांवर खेळून मोठी झाले. तिच्या नावानं खोटं लिहायची माझी छाती नाही. जे झालं ते तसंच लिहिते. धाकटी निजली आहे, तेवढ्यात लिहून घेते. कुठं तुटक वाटलं तर ती उठली असं समजा.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझी उन्हातली आहे.

साल अठ्ठावन्न. उमरग्यापासून तीन कोसांवर, हमरस्ता सोडून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत, आणि ती चांगली आहेत. ह्यांची त्या गावच्या शाळेवर बदली झाली होती. गोपू तेव्हा अकरा महिन्यांचा. भिंत धरून उभा राहायचा आणि हात सुटला की मटकन बसायचा.

घर माणिकप्पांचं. दोन खोल्या, वर मातीचं माळवद. पुढच्या खोलीत चूल आणि आमचं बिऱ्हाड. मागच्या खोलीत मध्ये एक खांब, आणि खांबापासून चार हातांवर जमिनीत पेव.

ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खड्डा. तोंड मोठ्या परातीएवढं, आत मात्र दोन पुरुष खोल आणि रुंद. तोंडावर दगड, दगडावर शेणमातीचा लेप. कोंडलेल्या ज्वारीची हवा विषारी होते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर वारं लागू देतात, मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील विझला, तर माणूस उतरत नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडं धान्य कणगीत असायचं.

मे महिन्यात ह्यांना शिक्षकांच्या शिबिराला उस्मानाबादला जायचं होतं. एकवीस दिवस. मी माहेरी जायचं ठरलं होतं, पण तिकडून पत्र आलं, वहिनीच्या दोन्ही मुलांना गोवर निघालाय, येऊ नकोस. म्हणून मी राहिले.

जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी घर बाळासाठी सुरक्षित करायचं मनावर घेतलं. धोतर वर खोचलं आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत अख्खं घर फिरले. गोपूच्या उंचीवरून काय काय हाताला लागतं ते बघायला. जात्याखालची खुंटी सापडली, दाराचा निघालेला खिळा सापडला, पाटाखाली हरवलेली माझी सुईसुद्धा सापडली.

शेजारच्या शांताक्का दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"अय्यो, मास्तर रांगायला लागले की! दात कधी यायचे म्हनावं?"

"दात आलेत शांताक्का, अक्कल यायची राहिलीय," हे म्हणाले.

मग विळी खुंटीवर टांगली. रॉकेलची बाटली आढ्याला गेली. रांजणावर जड झाकण आलं. चुलीपुढं विटांचा कट्टा केला. आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा लावायला ह्यांनी शाळेतला मोडका फळा आणला. दोन्ही बाजूंना खाचा करून त्यात तो वरून सरकवायचा. माझ्या गुडघ्याच्या वर यायचा. गोपूला तो ओलांडणं शक्यच नव्हतं.

जाताना ह्यांनी गोपूच्या पायातले वाळे हातानं वाजवून पाहिले. "वाजतात तोवर तू काम कर. थांबले की उठ."

आमच्या आईचाही हाच नियम होता. लहान मूल घरात असलं की आवाजाची भीती नसते, गप्प झाल्याची असते.

पाच दिवसांत उन्हानं गोपूच्या घोट्यांना पुरळ उठलं. वाळे काचायला लागले. मी ते काढले आणि डब्यात ठेवले.

दुसऱ्याच दुपारी ते छुम् ऐकलं.

मी गोपूला खांद्यावर टाकून मागच्या खोलीत गेले. कोणी नव्हतं. पेवावरचा लेप जसाच्या तसा. माळवदाला उजेडासाठी एक भोक होतं, त्यातून पडलेला उन्हाचा गोळा खांबाच्या पायाशी होता. डबा काढून पाहिला. वाळे आतच होते.

उंदीर असेल म्हटलं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगून कळणार नाही. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा. शांताक्का सकाळीच शेतात जायच्या. दिवसभरात मी जे काही बोलायची ते गोपूशी, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. कधी कधी दुपारी स्वतःचा आवाज ऐकून मीच दचकायची.

मग एक दिवस मी आडावर गेले. पाण्याचे दोन हंडे घेऊन परत येताना अर्ध्या वाटेत आठवलं... उंबऱ्यावर फळा लावलाच नाही.

हंडे तिथंच टाकून पळत आले.

फळा लावलेला होता.

दोन्ही खाचांत नीट बसवलेला. गोपू अलीकडं बसून त्यावर थापा मारत होता.

मला वाटलं मीच लावला असेल. एकट्या माणसाला काय आठवतं?

दोन दिवसांनी विळी. भाजी चिरून खालीच ठेवली होती, हे मला पक्कं आठवतं, कारण पात्याला वांग्याचा देठ अडकला होता. अंगणातून आत आले तर... विळी खुंटीवर. पात्याला देठ तसाच.

मग उकळत्या वरणाचं पातेलं. मी ते कट्ट्याच्या कडेला ठेवलं होतं. वळून पाहिलं तर ते हातभर आत सरकलेलं.

संध्याकाळी शांताक्कांना विचारलं, "तुम्ही मधे येऊन गेलात का हो घरात?"

"म्या? म्या तर दिस उगवायच्या आत रानात गेल्ते. का बरं?"

"काही नाही."

त्यांनी एकदा मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मग म्हणाल्या, "मागल्या खोलीत बसत जाऊ नगा मास्तरीणबाई. लई कोंदट हाय ती," आणि गेल्या.

आता जे लिहिते ते मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

मला बरं वाटलं.

कोणीतरी होतं. गोपू कशाकडं तरी सरकला की छुम् असा एक आवाज यायचा, आणि मी बघायची, तर तो खरंच चुलीकडं निघालेला असायचा. माझ्यासारखीच कोणीतरी त्याच्यावर डोळा ठेवून होती. मी मोठ्यानं बोलायला लागले. "अहो, आज ऊन फार आहे, नाही?" "अहो, ह्यांचं पत्र आलं बरं का." उत्तर यायचं नाही. पण न येणारं उत्तरही कोणाचं तरी असलं की घर रिकामं वाटत नाही.

आणि मग मी ती चूक केली. आडावर जाताना दारातून म्हणाले, "मी आलेच हं. जरा बघा त्याच्याकडं."

एकदा म्हटलं. मग रोज म्हणायला लागले.

सतराव्या दिवशी सकाळी माणिकप्पा आणि त्यांचा गडी बलभीम आले. पेव उपसायचं होतं. बलभीमनं लेप फोडला, पहारीनं दगड बाजूला सारला. आतून आंबूस, ऊन वाफ आली.

माणिकप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले होते. खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. मला नंतर आठवलं ते.

"बाई, दिसभर वारं लागू द्या. मावळतीला येतो, कंदील सोडून बघतो. लेकराला संबाळा. ह्या खोलीत येऊ देऊ नगा."

बलभीमनं पेवाच्या तोंडावर बाज आडवी घातली. ते गेल्यावर मी फळा लावला. हलवून पाहिला. घट्ट होता. हे मी भवानीला स्मरून लिहिते. फळा घट्ट होता.

दुपारपर्यंत मी गोपूला कडेवरून खाली ठेवलं नाही. मग तो निजला. त्याला पुढच्या खोलीतल्या झोळीत घातलं.

तेवढ्यात अंधारून आलं. वळवाचं वादळ. माळवदावर मी मुगाचे सांडगे वाळत घातले होते. धुळीचा लोट शाळेपर्यंत आलेला दिसला. दोन मिनिटांचं काम.

शिडीवर पाय ठेवला. सवयीनं तोंडातून गेलं, "जरा बघा हं त्याच्याकडं."

वर वारा इतका होता की पदर तोंडावर येत होता. मी दोन्ही हातांनी सांडगे ओटीत भरत होते.

छुम्...

खालून. थांबले. वाऱ्यातही ऐकू आलं.

छुम्... छुम्...

एवढ्या दिवसांत आवाज कधी लागोपाठ आला नव्हता.

छुम् छुम् छुम् छुम्...

कोणीतरी दोन्ही हातांत वाळे घेऊन जिवाच्या आकांतानं वाजवत होतं.

मी माळवदाच्या भोकाला डोळा लावला. खाली मागची खोली. अंधूक. बाज भिंतीला टेकवून उभी केलेली.

आणि पेवाच्या तोंडाशी... गोपू.

पालथा. दोन्ही हात आत सोडलेले. डोकं आत वाकलेलं. तो हसत होता. खाली कोणालातरी बघून हसावं तसं.

मला हाक मारता आली नाही. दचकला असता तर गेला असता.

मग मला दिसलं. त्याच्या कमरेपासून मागं एक पट्टी ताणलेली होती. तो पुढं रेटा देत होता, पाय घासत होता, आणि पट्टी त्याला बोटभरही पुढं जाऊ देत नव्हती.

शिडी मी कशी उतरले ते आठवत नाही.

फळा जागच्या जागी होता. दोन्ही खाचांत. मी तो ओलांडून आत गेले आणि गोपूला ओढून छातीशी घेतलं. तो अंगानं गरम होता. जिवंत होता. त्याला खेळ मोडल्याचा राग आला आणि तो रडायला लागला. मीही.

वाळ्यांचा आवाज थांबला होता.

आमचं रडणं ऐकून शांताक्का धावत आल्या. वादळामुळं त्या रानातून लवकर परतल्या होत्या. त्यांनी आधी गोपूला चाचपलं. मग त्याच्या कमरेची पट्टी हातात घेतली.

आणि त्या खाली बसल्या.

हिरव्या इरकली लुगड्याचा, लाल काठाचा पट्टा होता तो. लांब फाडलेला. एक टोक गोपूच्या पोटाला, दुसरं खांबाला. माझ्याकडं इरकली लुगडं नव्हतं. कधीच नव्हतं.

"कुनी बांधलं?" शांताक्कांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"सिताबाईचं हाय ह्ये."

"कोण सिताबाई?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या शब्दांत सांगते, कारण माझ्यानं ते दुसऱ्या शब्दांत होणार नाही.

"मानिकप्पाची भावजय. ह्याच घरात ऱ्हायची. रझाकाराच्या सालची गोष्ट. रोज उठून 'आले, आले' व्हायचं. गडीमानसं टेकडीवर राखनीला. एक दिस दुपारी धूळ दिसली, अन् कुनीतरी वरडलं. पळायला टाइम न्हवता. तिचं लेकरू सा महिन्याचं. तिला वाटलं, समद्या घरात पेवासारखी जागा न्हाय. तिनं त्याचे वाळे काढले, वाजतील म्हनून. टोपल्यात घालून दोरीनं आत सोडलं. वर दगड सारला, दगडावर जातं मांडलं, अन् दळत बसली. कुनी आलं तर नुसती दळनारी बाई दिसावी."

"मग?"

"जल्म गेला तिचा पेवं उपसन्यात. कंदिलाचं तिला ठावं न्हवतं व्हय? पर भ्यालेल्या मानसाला काय आठवतं?"

"आणि ते लोक? आले?"

शांताक्कांनी पेवाकडं बघितलं.

"म्हशी व्हत्या वो. म्हशींचा कळप. बाजाराला चाललेला."

बाहेर पाऊस सुरू झाला होता.

"लेकरू निजल्यावानी दिसत व्हतं. तिनं पायात वाळे घालून बघितले. हलवून हलवून वाजवले. दिवाळीपातूर ती पेवाच्या तोंडाशी बसून व्हती. मग गेली. ह्याच लुगड्यात माती दिली तिला. म्या सोता नेसवलंय. त्याचा काठ फाटका न्हवता."

त्या म्हणाल्या, पट्टी आत्ताच्या आत्ता चुलीत घाला.

मी गोपूच्या पोटावरची गाठ सोडायला घेतली. सुटेना, तीन पदरी होती. आणि मग बोटांना एक गोष्ट कळली.

गाठ आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं जागा ठेवली होती.

बाळाला काचू नये म्हणून आई ठेवते तेवढी.

मी ती पट्टी जाळली नाही. घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

हे परत आल्यावर म्हणाले, बलभीमच्या बायकोनं बांधलं असेल, ती भोळसट आहे. बाज वाऱ्यानं उलटली असेल. मीही मान हलवली. पण मला एकच गोष्ट खात होती, आणि ती मी विचारली नाही.

फळा जागच्या जागी होता. अकरा महिन्यांचं मूल तो ओलांडू शकत नाही.

मग गोपूला पलीकडं कोणी नेलं?

ज्या हातांनी बांधलं, त्याच हातांनी? मीच रोज म्हणत होते ना, बघा त्याच्याकडं. मग एक दिवस तिनं त्याला उचलून घेतलं असेल, तर चूक कोणाची? पण न्यायचंच होतं, तर बांधलं कशाला? पाडायचं नव्हतं, तर तिथवर नेलं कशाला?

काय झालं ते बघितलेला एकच जण होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

त्याच जूनमध्ये ह्यांची परंड्याला बदली झाली. इथलं घर वस्तीत आहे. पेव नाही. मी पहिल्याच दिवशी जमीन ठोकून पाहिली. गोपू बोबडं बोलायला लागला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मला भीती वाटायची. तो "आई" म्हणाला, "भू" म्हणाला, "काऊ" म्हणाला. मी वाट बघत होते. काही नाही आलं. मी त्याच्यासमोर त्या घराचं नाव कधी काढलं नाही. ह्यांनीही नाही.

आता तो तीन वर्षांचा झाला. धाकटी रांगते. वाळे आता तिच्या पायात आहेत.

इथवर परवा लिहिलं होतं. पुढचं आज सकाळचं आहे.

मी ट्रंक उघडून धाकटीची दुपटी काढत होते. गोपू शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं हात घालून तळाची ती घडी बाहेर काढली. हिरवी. लाल काठाची.

"आई, हे माझं आहे," तो म्हणाला.



त्यानं एक टोक स्वतःच्या पोटाला लावलं. "काकूनं बांधलं होतं. असं."

"कोणत्या काकूनं रे?"

"दळणाऱ्या."

पुढच्या खोलीत धाकटीचे वाळे वाजत होते. मी ते ऐकत राहिले. ते वाजत होते तोवर मला श्वास घेता येत होता.

"तिनं मला कडेवर घेतलं. म्हणाली, खाली बाळ आहे. बघ, म्हणाली. फक्त बघ, पडू नकोस." त्यानं पट्टीवरून हात फिरवला. "खाली बाळ होतं आई. टोपल्यात. निजलं होतं."

वाळे थांबले.

मी उठायला हवं होतं. उठले नाही.

गोपूनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. अगदी सहज विचारावं तसं त्यानं विचारलं,

"आई, ते बाळ उठलं का गं?"